पोटाकडून

देवकाबाईने नारळ फोडला, दोन्ही भकलं परातीत ठेवली, पदराला हात पुसले आणि डोकं वर केलं. तिच्या धाकट्या दिराची, उमरावची बोट नवेगावच्या तलावावर तरंगली ती एवढ्याच वेळापुरती. देवकाबाईने पाहिलं तेव्हा बोटीचा मागचा भाग खाली बसायला लागला होता आणि इंजिनापाशी बसलेला छोटेलाल मिस्त्री दोन्ही पाय वर उचलून ओरडत होता, "अरे भैया, ये तो चारों तरफ से आ रहा है!"

"काय येऊन राहिलं?" काठावरून देवकाबाईच्या नवऱ्याने, बकारामने विचारलं.

"पानी, दादा! पानी!"

काठावर अर्धं गाव उभं होतं. डफडी वाजवणाऱ्यांना बिचाऱ्यांना वाटलं, छोटेलाल आनंदानेच ओरडतोय, म्हणून त्यांनी हात आणखी जोरात चालवला. त्या गजरात बोट घाटापासून वीस हातांवर अगदी शिस्तीत बुडाली. इंजिनाने दोन गचके दिले, एक मोठा बुडबुडा सोडला आणि ते गप्प झालं. उमराव आत तसाच उभा राहिला. कंबरेपर्यंत पाणी, मुठीत सुकाणूचा दांडा आणि डोक्यावर वहिनीने सकाळीच बांधून दिलेला गुलाबी फेटा. मग मात्र गाव हसलं. मासे धरायला आलेले ढिवर आपापल्या डोंग्यांत बसून हसले, डफडीवाले हसले, छोटेलालही ओल्या धोतराने काठावर येऊन हसला.

देवकाबाई हसली नाही. बोटीच्या आतल्या पाण्यावर कापसाच्या बोटबोटभर लांब वाती तरंगत होत्या, शेकड्यांनी. त्या तिने स्वतः वळल्या होत्या.

रविवार होता. गुरुवारी संध्याकाळी तिच्या चंद्रकांताची हळद आणि शुक्रवारी लग्न. आणि ही बोट त्या लग्नासाठीच होती.

या घराला पाणी काही नवं नव्हतं. कोहळ्यांचं घर, पिढ्यान् पिढ्या तलाव बांधणारं. कुठे पाळ घालायची, तुडूम कुठे बसवायचं, म्हणजे पाणी सोडायचं तोंड कुठे ठेवायचं, हे या घरातली माणसं नुसती जमीन पाहून सांगत. पण पाण्यावर बसणं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याची गरजही कधी पडली नव्हती. ती पडली जमुनेमुळे.

जमुनाबाई बकारामच्या पाठची बहीण, उमरावहून मोठी. तलावाच्या पलीकडच्या काठावर देवटोल्याला केशोरावांच्या घरी दिलेली. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या दिवाळीला ती माहेरी आली होती. बकाराम तुडुमावर काम करत होता, त्याने निरोप धाडला की भात इथेच आणून दे. जमुना भाताची टोपली घेऊन गेली, ओल्या दगडावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय वाकेना. सासरी परत पोचवली तेव्हा बैलगाडीच्या प्रत्येक धक्क्याला ती किंचाळली होती. डोंग्यात बसायचं तर उकिडवं बसावं लागतं, ते तिला जमत नव्हतं. चार गडी लावून खाटेवरून आणतो म्हटलं, तर म्हणाली, "मानसाईच्या खांद्यावरून मी एकदाच जाईन, अन् त्या वक्ती मले काही दिसनार नाही. जितेपनी नोको." सहा वर्षं झाली, जमुनेने माहेर पाहिलं नव्हतं. आणि या सहा वर्षांत बकारामही तिला भेटायला पलीकडे गेला नव्हता. धानाचं काम होतं म्हणे. सहा वर्षं सलग धानाचं काम.

वर्षापूर्वी चंद्रकांताचं लग्न ठरलं, तेव्हा उमराव भावजयीजवळ बोलला होता, "वैनी, पाठ टेकून बसता येईन अशी नाव केली तं? इंजिनाची. नुसती बसन, अन् इकडं उतरन." तेव्हापासून गोठ्याच्या अर्ध्या भागात गाई आणि अर्ध्या भागात बोट असं वर्ष गेलं. लढाईच्या दिवसांत बिरसीला विमानांची धावपट्टी झाली होती. तिथल्या भंगारातून छोटेलालने पंपाचं एक इंजिन मिळवून दिलं, आणि त्याच ढिगातलं कुठल्याशा मासिकाचं एक पान, ज्यावर बोटीचा नकाशा होता. मजकूर इंग्रजी. उमरावला त्यातले आकडे तेवढे वाचता आले, त्यांच्याच भरवशावर त्याने सागाच्या फळ्या कापल्या. पाण्यात फिरणारा पितळी पंखा भंडाऱ्याच्या कासाराकडून ओतून घेतला. तो आणायला गेला तेव्हा चार दिवस लागले, आणि जाताना उंबऱ्यातूनच तो देवकाबाईला सांगून गेला, "वैनी, फळ्याईच्या फटी तेवढ्या भरून ठेवजा. कापूस अन् राळ. पोटाकडून भरजा."

देवकाबाईने पोटाकडून भरल्या होत्या.

*

दुपारपर्यंत दोन बैलजोड्या लावून बोट ओढून आणली आणि अंगणात पालथी घातली. घराची माणसं तिच्याभोवती सुतकात बसावी तशी बसली. इंजिनाचे भाग छोटेलालने स्वयंपाकघरात नेऊन सुपात पसरले होते आणि चुलीच्या धगीला ठेवले होते. तो तिथूनच ओरडत होता, "भाभी, इस सूप में चावल मत डालना, पुर्जे हैं!"

बकाराम ओसरीवर बसला. त्याने तंबाखू मळला, तोंडात टाकला आणि निकाल दिला.

"झालं. त्या फळ्या काढा अन् मांडवाले लावा. पान्याले धरनं आपलं काम हाये, पान्यावर बसनं नाही. वर्सभर मी हेच सांगून राहिलो."

उमरावने डोक्यावरचा फेटा सोडला होता. त्याचा गुलाबी रंग मानेवरून सदऱ्यावर उतरला होता.

बोलली ती रुख्मा, उमरावची बायको. रुख्मा भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नसे. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर डोळ्यांपर्यंत ओढून ती जे काही सांगायचं ते गाईला सांगायची. गेलं वर्षभर या बोटीला तिने जेवढ्या शिव्या दिल्या होत्या तेवढ्या घरात दुसऱ्या कोणी दिल्या नसतील. आज मात्र ती गाईपाशी जाऊन ठसक्यात म्हणाली, "काय वो कपिले, आपल्या घरची वस्तू बुडाली तं बुडाली. मांडवाले लावा मनायले कोनाची जीभ कशी उचलते?"

"तिले सांग," बकाराम चंद्रकांताकडे पाहून म्हणाला, "का वर्सभर बोटीले मेली मेली तिचीच जीभ मनत होती."

"कपिले, मी मनलं तं मनलं. माह्या नवऱ्यानं केली हाये. दुसऱ्यानं नाही मनायचं."

चंद्रकांता मधे उभी होती. लग्न पाच दिवसांवर आलेल्या मुलीने खाली मान घालून बसावं, पण ही बापाची मुलगी होती. "बाबा, मी आत्याच्या हातची हळद लावीन," ती म्हणाली. "पयली हळद आत्याची. ते आली नाही तं मी कोनाच्या हातची लावून घेत नाही."

"अन् नवरदेव?"

"बिनहळदीची चालत असन तं नेईन."

"ऐकलं का वो?" बकारामने बायकोकडे पाहिलं. "चंद्रीची माय, तुही लेक काय मनते?"

देवकाबाईचं लक्ष नव्हतं. ती पालथ्या बोटीपाशी जाऊन उभी राहिली होती. बोटीला बाहेरून रुख्माने जाड डांबर फासलं होतं. देवकाबाईने नखाने ते एका ठिकाणी खरवडलं. खाली फळ्यांच्या मधे बोट जाईल एवढी खाच होती. मोकळीच. डांबराची नुसती साय धरली होती.

आता तिला सगळं आठवलं. बोटीत बसून फटी भरताना तिने किती वेळा उमरावला मनात दोष दिला होता, की या फटी आतून इतक्या बारीक का ठेवल्या, सुरी घालून घालून कापूस कोंबावा लागतो, आणि बाहेरून पाहावं तर बोट जाईल एवढ्या रुंद. नवशिका सुतार म्हणून तिने ते पोटात घातलं होतं. दोष सुताराचा नव्हता. तिने उलट्या बाजूने भरलं होतं, आणि पाण्याने बाहेरून रेटा देताच सगळ्या वाती आत पडल्या होत्या.

आणि हे अजून कोणालाच ठाऊक नव्हतं. तिने तोंड मिटून ठेवलं असतं तर नवशिक्याचं काम म्हणून सगळं उमरावच्या नावावर जमा झालं असतं. सत्तावीस वर्षं या घरात तिने केलेलं काम कोणाला दुसऱ्यांदा करावं लागलं नव्हतं, तो मान तिला कमी नव्हता. तिने उमरावकडे पाहिलं. ती या घरात आली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, तिच्या हातचं जेवून मोठा झालेला. त्याच्या मानेवरचा गुलाबी रंग पाहून तिला इतकं वाईट वाटलं की मान राहिला बाजूला.

"बाबू," ती म्हणाली, "फटी बाहेरून रुंद काऊन होत्या?"

"कापूस बसावा मनून," उमराव खालच्या आवाजात म्हणाला.

"मंग तू पोटाकडून भर काऊन मनलं?"

"पोटाकडूनच तं भरा लागते, वैनी."

"मी पोटाकडूनच भरल्या. आतून."

गाईने तेवढी मान हलवली.

"आतून?" उमराव उठून उभा राहिला.

"आतून. समद्या. अन् या दोघींनबी माह्याच सांगन्यावरून. चूक माही हाये, कोनाची नाही. माह्यापायी बुडाली."

"थांबा, थांबा." बकाराम ओसरीवरून उतरला. तंबाखू थुंकून आला. "पोट कोन्तं?"

"पोट मनजे पोट. आतलं."

"कोनं सांगतलं आतलं? बांधाचं पोट कोन्या बाजूनं असते? पान्याच्या बाजूनं! कोरडी बाजू ते पाठ. या घरच्या लहान लेकराले विचारा. पोट मनजे जिथं पानी टेकते ते."

"ते बांधाचं झालं," देवकाबाईही आता हटली नाही. "मडक्याचं पोट कुठं असते? या गाईचं पोट कुठं हाये? बाहेर? पोटात मानूस बसनार मनलं मंग ते पोट आतलंच. मी सत्तावीस वर्सं तुमच्या घरी हावो, पन पोट मले माह्या मायनं शिकवलं."

उमराव दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. त्याच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. आधी तो नाकातल्या नाकात हसला, मग त्याला खाली बसावं लागलं. "दादा," तो पोट धरून म्हणाला, "मले बांधाचंच पोट डोक्यात होतं गा! बोटीले आतलं पोट असते, हे माह्या ध्यानातच नाही आलं!"

मग रुख्मा हसली, चंद्रकांता हसली, आणि स्वयंपाकघरातून छोटेलाल विचारायला लागला, "क्या हुआ? क्या हुआ, बताओ तो!" त्याला कोणी सांगू शकेना. देवकाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, ते हसण्याचं की सुटल्याचं, तिचं तिलाही कळलं नसतं.

एक बकाराम तेवढा हसत नव्हता. तो बोटीपाशी ओणवा होऊन खाचेत बोट घालून पाहत होता. "गाढव हाये," तो पुटपुटला. "पाठीकडून भरलं तं पानी ढकलनारच. बांधाले गळती लागली तं आमी कोरड्या बाजूनं माती थापतो काय? पान्याच्या बाजूनं बुजवा लागते. मंग पानीच तिले दाबून धरते. जेवढं पानी जास्त, तेवढं घट्ट."

"मंग इथं?" देवकाबाईने विचारलं.

"इथंबी तसंच. त्याच्यात काय?"

आणि तो थांबला, कारण सगळे त्याच्याकडेच पाहत होते.

"मले बोटीतलं काही समजत नाही," तो घाईने म्हणाला.

"बोट कायची वो?" देवकाबाई म्हणाली. "तलावच हाये, उलटा. तिथं पानी आत, कोरडं बाहेर. इथं पानी बाहेर, कोरडं आत. गळती बुजवायची तेवढी."

बकाराम हात धुवायला आडाकडे गेला. देवकाबाई मागून पाणी घालायला गेली आणि तिथे, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "सा वर्सं तुमी तिकडं गेले नाही. तिचा जीव तुमच्यात किती हाये ते मले मालूम हाये."

"कोन्या तोंडानं जाऊ?" बकाराम म्हणाला. त्याचे हात ओलेच राहिले. "मी घरी येऊन जेवलो असतो तं काय झालं असतं? चार पावलं होती. पन नाही, मले तिथंच भात पायजे होता."

"तिनं कधी मनलं काय तसं?"

"नाही मनलं. मनलं असतं तं मी गेलो असतो."

देवकाबाईने तांब्या रिकामा केला. "मंग आता तिले इकडंच आना," ती म्हणाली.

*

सोमवारचा दिवस बोट उन्हात पालथी पडून वाळली. फाल्गुनाचं ऊन, लाकडाचा सगळा ओलावा त्याने ओढून घेतला. मंगळवारी सकाळी पाहतात तर बकाराम सगळ्यांच्या आधी धोतर खोचून तयार. ज्याला बोटीतलं काही समजत नव्हतं, तो दुपारपर्यंत सगळ्यांना बोटीतलं शिकवत होता.

राळ आणि जवसाचं तेल कढईत उकळत होतं, त्याचा वास मांडवभर झाला होता. देवकाबाई वाती वळत होती, पहिल्याहून जाड. उमराव लाकडी छिन्नीने त्या खाचेत ठोकत होता आणि बकाराम त्याच्यामागून प्रत्येक हातभर काम तपासत होता. कुठे एक वात सैल दिसली की ती उपटून टाकत होता.

"दादा, सांजपर्यंत अशानं अर्धीबी होनार नाही," उमराव वैतागला.

"पाळ बांधताना थर दाबल्याशिवाय वर दुसरा थर टाकतो काय कोनी? ठोक."

"चंद्रे, तिले मन राळ आन," बकाराम म्हणायचा. "काकी, राळ आन," चंद्रकांता म्हणायची. "पोरी, त्याईले मन कढई जड हाये, बाजूले सरा," रुख्मा म्हणायची. असं तासभर चाललं. मग एकदा उकळत्या राळेची कढई घेऊन येताना रुख्माला वाट मिळेना, आणि चंद्रकांता नेमकी पाणी प्यायला गेलेली. रुख्मा क्षणभर थांबली आणि एकदम खेकसली, "सरा ना जी बाजूले, पोळून मराचं हाये काय?" बकाराम टुणकन बाजूला सरला. पंधरा वर्षांत ती त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. दोघांनीही काही झालंच नाही असं दाखवलं, पण त्या दिवसापासून गाईला जरा उसंत मिळाली.

बुधवारी सगळं भरून झालं, डांबर चढलं, तेव्हा उमराव म्हणाला, "चला, आता तलावात घालू."

"नाही," बकाराम म्हणाला. "तलाव भरून पाहिल्याशिवाय कोनी पाळ पास करते काय? बोट सुलटी करा. अन् पानी आना."

"पानी? कुठं?"

"आत. पोटात. तुमच्या वैनीच्या पोटात."

लग्नाला पाहुणेमंडळी उतरायला लागली होती. अर्जुनीच्या बायका, साकोलीच्या बायका गाडीतून पाय खाली ठेवतात तोच त्यांच्या हातात घागर आली. अंगणात एक बोट, तिला चहूकडून मातीचा टेका दिलेला, आणि हा घरधनी तिच्यात आडाचं पाणी ओतायला सांगतोय! साकोलीची एक मावशी घाबरून देवकाबाईच्या कानाशी लागली, "बाई, यांची तब्येत बरी हाये ना?" पण घागरी चालल्या. लग्नघरातली गाणी चालली होती, त्याच चालीवर बायकांनी पाण्याचं गाणं केलं. बोटीत हातभर पाणी झालं तेव्हा बकारामने हात वर केला.

"बस. आता पाहा. हे पानी उलट्या बाजूनं ढकलून राहिलं. उलट्या बाजूनं टिकलं तं सुलट्या बाजूनं टिकंनच."

तो गुडघ्यांवर बसून बोटीखालून फिरला. जिथे थेंब दिसला तिथे चुन्याचं बोट लावलं. सात ठिकाणी चुना लागला. पाणी रात्रभर तसंच ठेवलं. वाळलेल्या सागाला पाणी पिऊ दिलं, तसं लाकूड फुगलं. पहाटे तो पुन्हा फिरला तेव्हा सातांपैकी पाच जागा आपोआप बंद झाल्या होत्या. उरलेल्या दोन त्याने स्वतःच्या हाताने भरल्या आणि उमरावला म्हणाला, "ने."

"तुमी येत नाही?"

"मुळाले वैनी जाते. मी जाऊन काय करू?"

*

सासुरवाशिणीला माहेरी आणायला मूळ म्हणून जावं लागतं, आणि ते देवकाबाईचंच काम होतं. तिने हिरवं लुगडं नेसलं, खणाची ओटी बांधून घेतली आणि घाटावर येऊन उभी राहिली. तेव्हा तिला पहिल्यांदा जाणवलं की सत्तावीस वर्षं या तलावाच्या काठावर राहून आपण कधी पाण्यावर बसलेलो नाही.

"भाभी, डरो मत," छोटेलाल म्हणाला. "इंजन अब मेरे हाथ का है."

"इंजनाचं भेव नाही मले," देवकाबाई म्हणाली. "माह्या हातच्या वातीचं भेव वाटते."

दोरी ओढली. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि लागलं. डफडीवाले या खेपेला सावध होते, ते नुसते उभे राहिले. बोट वीस हातांवर गेली. जिथे बुडाली होती ती जागा आली आणि मागे पडली. मग काठावरून इतका मोठा आवाज उठला की पाण्यातली बदकं एकदम उडाली. देवकाबाईने डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा चारी बाजूंनी पाणी होतं, डोंगर लांबून पाहत होते, आणि तिचे पाय कोरडे होते. ती हसायला लागली. उमराव मागे वळून पाहत म्हणाला, "वैनी, काय झालं?" तिने नुसता हात हलवला. असं सुख तिला चंद्रकांता झाली तेव्हा झालं होतं, त्यानंतर आजच.

देवटोल्याच्या काठावर केशोरावांनी खुर्ची मांडली होती आणि खुर्चीत जमुनाबाई बसली होती, नऊवारीची घडी मोडून तयार, सकाळपासून. इंजिनाचा आवाज तिने अर्ध्या तळ्यावर असतानाच ऐकला होता.

"उशीर केला," ती म्हणाली. "सा वर्सं."

"नाव बुडाली होती, जमनाबाई," देवकाबाई म्हणाली. "माह्यापायी. चला, वाटेत सांगीन."

केशोरावांनी आणि उमरावने तिला दोन्ही बाजूंनी धरून बोटीत बसवलं. बाकाला पाठ होती, पाय लांब करायला जागा होती, खाली गोधडी होती. जमुनाबाईने पाय पसरला, पाठ टेकली आणि श्वास सोडला. एकही धक्का बसला नव्हता. वाटेत देवकाबाईने पोटाची गोष्ट सांगितली, तेव्हा जमुनाबाई इतकी हसली की उमराव ओरडला, "अक्का, हालू नोको वो!" मग ती विचारू लागली, "दादानं भरली? खरंच दादानं? सोताच्या हातानं?" देवकाबाई हो म्हणाली की पुन्हा विचारायची. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने तोंड पदराने झाकलं, आणि देवकाबाई पाण्याकडे पाहत बसली.

घाट दिसायला लागला. रविवारी अर्धं गाव होतं, आज सगळं होतं. पुढे चंद्रकांता हळदीची वाटी धरून उभी, तिच्याजवळ रुख्मा. बकाराम कुठे दिसेना. इंजिन बंद झालं, बोट आपल्या वेगाने सरकत काठाकडे आली, तेव्हा तो गर्दीतून निघाला आणि धोतरासकट सरळ पाण्यात शिरला. मांडीभर पाण्यात येऊन त्याने बोट धरली.

त्याने बहिणीकडे पाहिलं नाही. बोटीच्या काठावरून ओणवा होऊन त्याने आत हात घातला, गोधडी बाजूला सारली आणि फळ्यांवरून, एकेका फटीवरून, तळवा फिरवत गेला. इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे. जमुनाबाईच्या पायापाशी येऊन त्याचा हात थांबला.

"दादा," जमुनाबाई म्हणाली, "सा वर्सानं बहीन घरी आली, अन् तू लाकूड चाचपून राहिला गा?"

"पाहून राहिलो," बकाराम खाली पाहूनच म्हणाला, "पोट कोरडं हाये का नाही."

"कोन्तं पोट?"

"आतलं," बकाराम म्हणाला, आणि बहिणीच्या न वाकणाऱ्या पायावर कपाळ टेकवून तो सगळ्या गावासमोर रडायला लागला.

जमुनाबाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "हाये ना कोरडं," ती म्हणाली. "आता तू ओलं करून नोको राहू."